आयोवातल्या छोट्या गावातलं हायस्कूल: नव्याने येणाऱ्या मराठी पालकांसाठी

पुण्याच्या मगरपट्ट्यातून जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीच्या कामासाठी वॉटर्लू किंवा ऑटमवाला येणारे इंजिनिअर आणि व्हिसाच्या अटीप्रमाणे तीन वर्षं ग्रामीण रुग्णालयात काम करायला येणारे डॉक्टर, या आयोवात येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दोन ओळखीच्या वाटा. मोठ्या शहरात उतरलं तर शाळेबद्दल विचारायला चार मराठी घरं सापडतात. मक्या-सोयाबीनच्या शेतांमधल्या दीड-दोन हजार वस्तीच्या गावात मात्र बहुधा तुमचं एकच घर असतं. मुलगा किंवा मुलगी नववी ते बारावीच्या वयाची असेल तर ही चार वर्षं फार लवकर सरतात, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घेतलेले निर्णय शेवटपर्यंत सोबत राहतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी मनातली एक भीती काढून टाका. आपल्याकडे सरकारी शाळा म्हटलं की ऐपत असलेले पालक दुसरीकडे बघतात. इथे डॉक्टरचा मुलगा, बँक मॅनेजरची मुलगी, डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याची मुलं आणि मांसाच्या पॅकिंग प्लँटमधल्या कामगारांची मुलं एकाच वर्गात बसतात. फी नाही, पुस्तकं, लॅपटॉप, बँडचं वाद्य यांसाठी थोडा आकार असू शकतो, एवढंच. घरांवरचा आणि शेतजमिनीवरचा कर आणि राज्याचा निधी यांवर शाळा चालते, आणि तिचा कारभार गावकऱ्यांनी निवडून दिलेलं बोर्ड बघतं. गावात सिनेमागृह नसतं, मॉल नसतो. शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव शाळेच्या मैदानावर असतं. आपल्या गावातल्या पाराचं जे स्थान, तेच इथे हायस्कूलच्या जिमचं. शाळेशी नातं जुळलं की गावाशी जुळतंच, आणि घरी बसून नुसता अभ्यास करणारं मूल, कितीही हुशार असलं तरी, इथे एकटं पडतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

पायरी 1: घर ठरवण्याआधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघा

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एका बोर्डाच्या कारभाराखालच्या शाळांचा भाग. त्याची हद्द गावाच्या किंवा काउंटीच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. वस्ती कमी होत गेली तशा गावोगावच्या शाळा एकत्र झाल्या, आणि आज सगळ्या आयोवात मिळून सव्वातीनशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट उरले आहेत. नावांवरूनच हा इतिहास कळतो. एजीडब्ल्यूएसआर म्हणजे ॲक्ली, जिनिव्हा, वेल्सबर्ग आणि स्टीमबोट रॉक. बीसीएलयूडब्ल्यू या नावात तर पाच गावं आहेत. त्यामुळे तुमच्या गावातली इमारत प्राथमिक शाळेची असेल आणि हायस्कूल शेजारच्या गावात, असं सर्रास घडतं. भाडेकरार करण्याआधी तो पत्ता डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला कळवा आणि मूल कोणत्या इमारतीत जाईल, बस कुठे थांबेल ते विचारून घ्या. हायस्कूलचं मूल शाळेपासून तीन मैलांहून लांब राहत असेल तर नेण्या-आणण्याची सोय डिस्ट्रिक्टने मोफत करायची, असा राज्याचा कायदा आहे.

पायरी 2: भारत सोडण्याआधी जमवायची कागदपत्रं

जन्माचा दाखला, पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका. दाखला मराठीत असेल तर शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, इंग्रजी प्रत मागून घ्या. मुख्याध्यापकांना आणखी दोन गोष्टींची विनंती करा: विषयवार अभ्यासक्रमाची एक-दोन पानी यादी आणि गुण देण्याच्या पद्धतीची माहिती देणारं पत्र. ही दोन पानं पुढे किती उपयोगी पडतात ते चौथ्या पायरीत येईल.

लसीकरणाच्या नोंदी सर्वांत महत्त्वाच्या, कारण त्यांच्यावाचून प्रवेश अडकतो. पोलिओ, घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकला आणि त्याचा टीडॅप हा मोठ्या मुलांचा डोस, गोवर-रुबेला, हेपॅटायटिस बी, कांजिण्या आणि मेनिंजायटिस, एवढ्या लसी तपासल्या जातात. आपल्या मुलांचे टीडॅप आणि मेनिंजायटिस हे दोन डोस बहुधा राहिलेले असतात. तारखांकडे नीट लक्ष द्या. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या कार्डावर 05/08/2012 म्हणजे पाच ऑगस्ट. इथली नर्स ते आठ मे वाचते, आणि मग दोन डोसांमधलं अंतर चुकीचं ठरून लस पुन्हा टोचायची वेळ येते. डॉक्टरांकडून महिना अक्षरात लिहिलेलं पत्र घ्या. राहिलेल्या लसी काउंटीच्या आरोग्य कार्यालयात मिळतात, आणि विमा नसलेल्या 19 वर्षांखालच्या मुलांना त्या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या योजनेतून विनामूल्य मिळतात.

नववीत प्रवेश घेताना आयोवात दातांची तपासणी केल्याचा दाखलाही लागतो. त्यासाठी महागड्या डेंटिस्टकडेच जायला हवं असं नाही. आय-स्माइल या राज्याच्या कार्यक्रमातल्या हायजिनिस्टकडून केलेली तपासणी चालते.

पायरी 3: शाळेच्या ऑफिसात

छोट्या शाळेत मुख्याध्यापकांपेक्षाही आधी ओळख करून घ्यायची ती शाळेच्या सेक्रेटरीशी. कोणती बस, कोणता फॉर्म, कोणाला फोन करायचा, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला जा. आयोवातल्या शाळा 23 ऑगस्टच्या आधी सुरू होत नाहीत, पण त्याआधीचे दोन आठवडे ऑफिस गजबजलेलं असतं. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा विजेचं बिल न्या.

सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नसला तरी प्रवेश थांबत नाही. मुलांच्या इमिग्रेशनच्या स्थितीवरून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा 1982 सालचा निकाल आहे. एच-4 व्हिसावरच्या, म्हणजे एच-1बी वर काम करणाऱ्या आई-बाबांच्या आश्रित, मुलांना तर काळजीचं काहीच कारण नाही.

घरी कोणती भाषा बोलता, असा एक फॉर्म मिळेल. काही जण तिथे इंग्रजी लिहितात, कारण मुलाला वेगळ्या वर्गात बसवतील अशी धास्ती असते. मराठीच लिहा. मग मुलाची इंग्रजीची चाचणी होईल. चांगलं येत असेल तर विषय तिथेच संपतो, आणि मदतीची गरज निघाली तर ती मोफत मिळणं हा त्याचा हक्क आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी अमेरिकेचा इतिहास आणि इंग्रजी साहित्य हे दोन विषय चांगलेच जड जातात. ती मदत हातची घालवू नका.

पायरी 4: काउन्सेलरची भेट

सगळ्या लेखात एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

छोट्या हायस्कूलमध्ये बहुधा एकच काउन्सेलर असतात. विषय ठरवणं, कॉलेजचे अर्ज, मन खचलेल्या मुलाशी बोलणं, सगळं त्यांच्याकडेच. त्यांनी महाराष्ट्र बोर्डाची गुणपत्रिका पूर्वी पाहिलेली नसण्याचीच शक्यता जास्त. त्यांना समजावणं हे आपलं काम, आणि नीट समजावलं तर ही माणसं मनापासून ऐकतात.

इथे वर्ग वयाप्रमाणे ठरला तरी पास होण्याचा हिशेब क्रेडिटवर, म्हणजे पूर्ण केलेल्या प्रत्येक कोर्सच्या जमा नोंदीवर, चालतो. आयोवात हायस्कूल पूर्ण करायला चार वर्षं इंग्रजी आणि प्रत्येकी तीन वर्षं गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र लागतं. त्यात अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था आणि पैशांचे व्यवहार शिकवणारा एक छोटा कोर्स येतो. शारीरिक शिक्षण असतंच, शिवाय बारावी संपेपर्यंत सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर करायच्या प्रथमोपचाराचं) प्रशिक्षण. आपल्याकडची दहावी करून आलेलं मूल साधारणपणे अकरावीत बसतं, पण नववी-दहावीचे क्रेडिट मान्य झाले नाहीत तर दोन वर्षांत चार वर्षांचा भार येतो. तुमच्यापाशी अभ्यासक्रमाची यादी असेल तर हे टळतं.

गणिताबद्दल विशेष सांगायचं आहे. इथला क्रम ठरलेला असतो: अल्जिब्रा 1, जॉमेट्री, अल्जिब्रा 2, प्री-कॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस, दर वर्षी एक. नव्या मुलाला सावधगिरी म्हणून अल्जिब्रा 1 मध्ये बसवलं की कॅल्क्युलस बारावीतही गाठता येत नाही, आणि इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाचं त्यात मोठं नुकसान होतं. सुदैवाने महाराष्ट्र बोर्डात नववी-दहावीला बीजगणित आणि भूमिती अशी दोन स्वतंत्र पुस्तकं असतात. ती पुस्तकं, शक्यतो इंग्रजी माध्यमाची, सोबत आणा आणि काउन्सेलरच्या टेबलावर ठेवा. वर्गमूळं, द्विघात समीकरणं, वर्तुळावरची प्रमेयं डोळ्यांनी दिसली की गणिताच्या शिक्षकांना बोलावलं जातं, एखादी छोटी चाचणी होते आणि मूल योग्य वर्गात जातं. विनंती करताना सूर मात्र सौम्य ठेवा. ‘आमच्याकडचं गणित फार पुढे असतं’ हे वाक्य कोणालाच आवडत नाही. ‘ही दोन वर्षांची पुस्तकं, तुम्हीच ठरवा’ हे आवडतं.

दुसरी मेख गुणांची. 72 टक्के म्हणजे इथल्या तराजूत सी. आपल्याकडे 35 ला पास, 60 ला प्रथम श्रेणी आणि 75 ला विशेष प्रावीण्य, हे शाळेच्या पत्रात लिहून आणलेलं असेल तर ते गुण नुसते उचलून जीपीएमध्ये (सगळ्या कोर्सच्या ग्रेडच्या सरासरीत) घातले जाणार नाहीत. बऱ्याच शाळा परदेशातल्या वर्षांना फक्त क्रेडिट देतात आणि जीपीए इथल्या पहिल्या सत्रापासून मोजतात. तसं होत असेल तर आनंदाने हो म्हणा.

एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, कोर्स छोट्या शाळेत एखाद-दुसरे असतात, कधी एकही नसतो. त्याने खट्टू होऊ नका. राज्यात 15 कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची स्थानिक सरकारी कॉलेजं) आहेत, आणि सीनियर इयर प्लस या 2008 च्या कायद्यामुळे हायस्कूलमध्ये असतानाच त्यांचे कोर्स करता येतात. त्यांची फी विद्यार्थ्याला पडत नाही. मुलं बारावी संपवताना कॉलेजचं एखादं सत्र गाठीशी बांधून बाहेर पडतात. राज्यातल्या तिन्ही सरकारी विद्यापीठांत हे क्रेडिट चांगले चालतात. राज्याबाहेरच्या नामांकित खाजगी कॉलेजांत चालतीलच असं नाही. आणखी एक गोष्ट पालकांना सांगून ठेवतो. या कोर्समधला गुण कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जातो, त्यामुळे पंधराव्या वर्षी चार-चार कोर्स घेण्याची घाई नको.

वर्ष चालू झाल्यावर

वार्षिक परीक्षेच्या आधी महिनाभर अभ्यास करून भागवण्याची सवय इथे नडते. गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रयोगाच्या वह्या, गटात केलेलं काम, सगळ्याचे गुण रोज जमा होतात. एक गृहपाठ दिला नाही तर शून्य, आणि तीन शून्यं जमली की ए चा सी होतो. पॉवरस्कूल किंवा इन्फिनिट कॅम्पससारख्या पोर्टलवर पालकांना हे सगळं दिसतं. आठवड्यातून एकदा, मुलासोबत बसून बघा. रोज बघून रोज जाब विचारला तर घरात कटकट वाढते.

ऑक्टोबरच्या सुमारास आणि पुन्हा वसंतात शिक्षकांची भेट असते. जिममध्ये टेबलं मांडलेली असतात, प्रत्येकावर शिक्षकांच्या नावाची पाटी, समोर दोन खुर्च्या. प्रत्येकाकडे पाच-दहा मिनिटं. आई-बाबा दोघांनी जा आणि मुलालाही न्या. ‘वर्गात बोलतो का, जेवायला कोणासोबत बसतो’ हे आधी विचारा. गुण तर पोर्टलवर दिसतातच. शिक्षकांना सर-मॅडम म्हणत नाहीत. मिस्टर किंवा मिसेस आणि आडनाव म्हणतात, आणि खेळ शिकवणारे शिक्षक गणिताच्या तासालाही ‘कोच’च राहतात.

सकाळी राष्ट्रध्वजासमोर प्रतिज्ञा होते. मुलाला म्हणायची नसेल तर सक्ती करता येत नाही, हे 1943 पासून कायद्याने ठरलेलं आहे. शांत उभं राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही. वादळाच्या सरावात कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर हात घेऊन बसायचं असतं. शिवाय आगीचा आणि बंदूकधारी शिरल्यास काय करायचं त्याचा सराव असतो. या शेवटच्या सरावाबद्दल मुलाशी घरी आधी बोला, नाहीतर पहिल्या वेळी मूल घाबरतं.

जेवण

शाकाहारी किंवा गोमांस न खाणाऱ्या घरांनी इथे डोळ्यांत तेल घालून बघावं. महिन्याचा मेनू आधी मिळतो, पण नावांवरून पत्ता लागत नाही. टॅको मीट, स्लॉपी जो, टेटर टॉट कॅसरोल, हॅम्बर्गर ग्रेव्ही हे सगळं गाईचं मांस. उकडलेल्या घेवड्यात बेकन असू शकतं, जेलोत जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असतं. आयोवातल्या शाळांचं लाडकं ताट म्हणजे लाल, दाट चिली आणि त्याच ट्रेमध्ये दालचिनीचा साखर लावलेला मोठा रोल. मुलं रोल चिलीत बुडवून खातात. त्या चिलीतही खिमा असतो. रोल मात्र बहुतेक घरांना चालेल.

स्वयंपाकघरातल्या प्रमुख बाईंना पहिल्याच आठवड्यात भेटा. ‘आम्ही गोमांस खात नाही, डुकराचं चालतं’ किंवा ‘मांस, मासे, अंडं काहीच नाही’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर चिकन चालतं का असा प्रश्न येतो. वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांच्या पत्रावर बदल करणं शाळेला बंधनकारक आहे. धार्मिक कारणासाठी तसं बंधन नाही, तरी छोट्या गावात शब्दाला मान देऊन चीज सँडविच बाजूला काढून ठेवणाऱ्या बायका भेटतात. डबा न्यायलाही मोकळीक आहे. पोळी-भाजी गुंडाळून दिली तर मुलं कुतूहलाने बघतात, एखादं तुकडा मागतंही.

पायरी 5: एक तरी संघ, एक तरी क्लब

हे मी कळकळीने सांगतो. मोठ्या शहरातल्या शाळेत बास्केटबॉलच्या संघासाठी दोनशे मुलं धडपडतात. इथे वर्गातच तीस-पस्तीस मुलं. अकरा खेळाडू जमत नाहीत म्हणून आठ जणांचा अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या शाळा आहेत. कधीही न खेळलेल्या मुलालाही संघात जागा मिळते. क्रॉस-कंट्री आणि ट्रॅकमध्ये तर फक्त पळायचं असतं. एक मूल सकाळी बँडमध्ये ट्रम्पेट, दुपारी धावणं आणि संध्याकाळी नाटकाची तालीम करतं, कारण माणसं कमी आणि कामं जास्त. खेळायचं असेल तर डॉक्टरांनी भरलेला तपासणीचा फॉर्म आधी द्यावा लागतो.

हिवाळ्यात कुस्ती. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेला डॅन गेबल वॉटर्लूचा. या राज्याला कुस्तीचं वेड आहे, आणि फेब्रुवारीतली राज्यस्पर्धा बघायला माणसं बर्फातून डी मॉइनला जातात. 2022-23 पासून मुलींची कुस्तीही अधिकृत खेळ झाली आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांना इथे बोलायला विषय सापडेल, फक्त चटई वेगळी आणि नियम वेगळे. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आयोवात उन्हाळ्यात खेळतात, म्हणून जून-जुलैत भारतात जायची तिकिटं काढण्याआधी मुलाला विचारा.

एफएफए हे नाव पहिल्याच आठवड्यात कानावर पडेल. शेतकीच्या विद्यार्थ्यांची ही संघटना 1928 ची. निळं कॉर्डरॉयचं जाकीट ही तिची खूण. शेत नसलेल्या मुलांसाठीही तिथे भाषणस्पर्धा, मातीपरीक्षण, पशुवैद्यकीय विज्ञान असं बरंच काही आहे. डॉक्टर किंवा जीवशास्त्राकडे ओढा असलेल्या मुलीला मी सर्वांत आधी हेच सुचवेन.

एक धोक्याची सूचना. उन्हाळ्यात गावातली पोरं मक्याचे तुरे काढायला जातात, दुकानात काउंटरवर उभी राहतात. एच-4 वरच्या मुलाला कामाचा परवाना नसताना पगारी काम करता येत नाही, मग ते आठवडाभराचं असो. एफएफएमध्ये वाढवलेलं जनावर विकून पैसे मिळणार असतील तर आधी वकिलाला विचारा. मुलाला यामागचं कारण नीट सांगा, कारण मित्र कामावर जात असताना घरी बसणं सोपं नसतं.

बुधवारची संध्याकाळ चर्चची. त्या संध्याकाळी शाळा सहसा काही ठेवत नाही, आणि मित्र तुमच्या मुलाला तिथे बोलावतील. त्यात बहुतेक वेळा मैत्री असते. जायचं की नाही ते घरात ठरवा आणि नाही म्हणायचं असेल तर आभार मानून म्हणा.

बर्फ, बस आणि गाडी

पहाटे फोनवर संदेश येतो: शाळा दोन तास उशिरा, किंवा बंद. तो नंबर सेव्ह करून ठेवा. पिवळ्या बसचे लाल दिवे लागले आणि थांब्याची पाटी बाहेर आली की मागच्या गाडीने थांबायचंच. दुपदरी रस्त्यावर समोरूनही थांबायचं. आयोवात 14 व्या वर्षी शिकाऊ परवाना आणि साडेचौदाव्या वर्षी शाळेपुरता गाडी चालवण्याचा परवाना मिळू शकतो, म्हणून नववीतली मुलं स्वतः गाडीने येताना दिसतील. आपल्या मुलाला लगेच द्यायचाच असं नाही. रेतीचे रस्ते, बर्फ आणि संध्याकाळी आडवी येणारी हरणं बघता एक हिवाळा थांबलेलं बरं.

होमकमिंग आणि प्रॉम

होमकमिंग, म्हणजे शाळेचा वार्षिक उत्सव, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आठवडाभर रोज वेगळा वेश, मुख्य रस्त्यावरून मिरवणूक, शुक्रवारी सामना, मग नाच. प्रॉम, म्हणजे मोठ्या वर्गांचा नटूनथटून केलेला नाच, एप्रिल-मेमध्ये. त्या संध्याकाळी ‘ग्रँड मार्च’ असतो: जिममध्ये खुर्च्या मांडतात, एकेक जोडी नाव पुकारल्यावर पुढे येते, आणि आजी-आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात. सोबत कोणी मुलगा किंवा मुलगी असायलाच हवी असं नाही. मैत्रिणींचा घोळकाही येतो. घागरा किंवा साडी नेसून आलेल्या मुलीचं कौतुकच होतं. रात्रभर मुलं सुरक्षित राहावीत म्हणून पालकच नंतरचा कार्यक्रम आखतात. त्यात काम मागून घ्या. गावातल्या पालकांशी खरी ओळख तिथे होते.

पायरी 6: अकरावी आणि बारावी

एसीटी ही कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा आयोवा सिटीतच 1959 मध्ये सुरू झाली, आणि इथे एसएटीपेक्षा तीच जास्त मुलं देतात. गुण 36 पैकी. राज्यातली तीन सरकारी विद्यापीठं प्रवेशासाठी एक निर्देशांक काढतात. त्यात जीपीए, एसीटी आणि मुख्य विषयांच्या कोर्सची संख्या धरली जाते, आणि 245 झाले की प्रवेश पक्का. म्हणूनच बारावीत विषय कमी करून आराम करू नये.

पैशांचा विचार अकरावीतच सुरू करा. एच-4 वरच्या मुलाला केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. रहिवाशांसाठीची कमी फी लागू होते का, हे विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडून लेखी घ्या. ग्रीन कार्डची रांग लांब असेल तर 21 व्या वर्षी मुलाचा आश्रित दर्जा संपतो, त्याबद्दलही वकिलाशी याच वर्षी बोला.

छोट्या गावात मात्र एक सोय आहे. गावची बँक, रुग्णालयाचं मंडळ, वीज सहकारी संस्था, लायन्स क्लब, कुणा दिवंगत शिक्षकाच्या नावाने त्यांच्या घरच्यांनी ठेवलेला निधी, अशा कितीतरी शिष्यवृत्त्या त्याच शाळेच्या मुलांसाठी असतात. रकमा पाचशे-हजार डॉलरच्या, पण अर्ज करणारी मुलंही मोजकीच, आणि नागरिकत्वाची अट बऱ्याच ठिकाणी नसते. बारावीच्या जानेवारीत काउन्सेलरकडे यादी मागा, ज्यांत ही अट आहे त्या काढून टाका आणि उरलेल्या सगळ्या भरा. शिफारसपत्रासाठी कोच किंवा एफएफएच्या शिक्षकांना निदान तीन आठवडे आधी सांगा, कारण त्याच आठवड्यात गावातली इतर मुलंही त्यांच्याच दाराशी उभी असतात.